रंगरूट होण्याचा हक्क : महार रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्राचा पूर्वेतिहास आणि नामेतिहास

१. प्रास्ताविक

लष्करी प्रशिक्षण केंद्रांचे इतिहास सामान्यतः स्थापनेच्या तारखेपासून सुरू होतात. पलटण कोणत्या दिवशी उभी राहिली, केंद्र कोठून कोठे हलले, सेनानी कोण होते, कोणत्या युद्धात किती शौर्यपदके मिळाली, अशा क्रमाने ते लिहिले जातात. ज्या समाजांना सैन्यात प्रवेश गृहीत धरता येत होता त्यांच्या बाबतीत ही रीत पुरेशी ठरते. ज्यांना कवायतीच्या मैदानावर पाऊल ठेवण्याआधीच पन्नास वर्षे अर्ज करावे लागले, त्यांच्या केंद्राचा इतिहास मात्र स्थापनेच्या तारखेपासून सुरू करता येत नाही. मध्य प्रदेशातील सागर येथे १९४८ पासून असलेले महार रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र हे अशा संस्थेचे उदाहरण आहे. त्याच्या इतिहासाचा मोठा भाग केंद्र अस्तित्वात येण्यापूर्वीच घडला, आणि तो लष्करी दफ्तरांइतकाच मराठीतील अर्ज, नियतकालिके आणि सभावृत्तांतांत घडला.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, या केंद्राच्या इतिहासाचे मध्यवर्ती सूत्र युद्ध नसून प्रवेश हे आहे. रंगरूट म्हणून भरती होणे याचा अर्थ पगार आणि निवृत्तिवेतन एवढाच नव्हता. अक्षरज्ञान, समान गणवेश आणि गावगाड्याबाहेरची ओळख यांत प्रवेश मिळणे हाही होता. हा प्रवेश ज्या नावाने नाकारला गेला त्याच नावाने तो परत मिळवावा लागला. त्यामुळे केंद्राच्या इतिहासाला ‘महार’ या शब्दाच्या अर्थांतराचा इतिहास जोडूनच वाचावा लागतो.

२. मुंबई इलाख्याच्या सैन्यातील शिक्षण

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या सैन्यात अठराव्या शतकापासून महार शिपाई मोठ्या संख्येने होते. बंगाल सैन्यात भरती मुख्यतः उच्चवर्णीयांतून होत असे; मुंबईच्या पलटणींत मात्र भिन्न जातींचे शिपाई एकाच रांगेत उभे राहत. १८५७ नंतर भारतीय सैन्याच्या पुनर्रचनेची चर्चा झाली तेव्हा मुंबई सैन्याचे हे वैशिष्ट्य त्याच्या समर्थकांनी आवर्जून मांडले. जातीचा विचार सैनिकी व्यवस्थेत आणू नये, हे जॉन जेकब यांचे मत त्याच परंपरेतले होते.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे झालेल्या लढाईत कंपनीच्या बाजूने लढलेल्या तुकडीत महार शिपायांचा मोठा भाग होता. तेथील विजयस्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय येतो. हा प्रत्यय ‘नायक’ या शब्दाशी जोडला जातो. सैन्यातील ‘नाईक’ हे पदही त्याच शब्दकुळातले आहे. एकाच मुळाशी जोडले जाणारे दोन शब्द, एक जातिनामाची खूण म्हणून आणि दुसरा पदनाम म्हणून, सैन्याच्या नामावळीत शेजारी शेजारी नांदत होते. पुढील शतकभराचा संघर्ष या शेजाराच्या अर्थाविषयीचाच आहे.

त्या काळात स्वतंत्र प्रशिक्षण केंद्र ही संस्था नव्हती. प्रत्येक पलटण आपले रंगरूट आपणच भरती करी आणि आपल्याच कवायतीच्या मैदानावर तयार करी. पलटणीबरोबर शाळाही असे. कंपनीच्या सैन्यात शिपायांना व त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते आणि या शिक्षणाने अस्पृश्य समाजाला प्रथमच स्वतःच्या स्थितीकडे चिकित्सक दृष्टीने पाहता आले, असे विवेचन बाबासाहेब आंबेडकरांनी केले आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार आणि लष्करी शाळेतील मुख्याध्यापक होते. आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी माळव्यातील महूच्या छावणीत झाला. मराठी भाषकांच्या प्रदेशाबाहेर, छावणीतील शाळामास्तराच्या घरात झालेला हा जन्म चरित्रातील योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ज्या समाजाला गावातील शाळेची पायरी चढता येत नव्हती, त्याच्यासाठी छावणी ही अक्षरांची पहिली जागा होती.

गोपाळबाबा वलंगकर हे याच जागेतून आले. १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते कोकणात स्थायिक झाले. ‘दीनबंधु’सारख्या नियतकालिकांतून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखन केले आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. मराठीतील दलित लेखनाच्या आरंभबिंदूंचा शोध घेताना पलटणीतील शाळेला वगळता येत नाही, ते यामुळे.

३. दार बंद होणे आणि अर्जाचे वाङ्मय

फ्रेडरिक रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात भारताचे सरसेनापती होते. लढाऊ आणि बिगरलढाऊ जमाती असा भेद करणारी भरतीची नीती याच काळात दृढ झाली. पंजाब, वायव्य सरहद्द आणि नेपाळ येथील समाज लढाऊ ठरले. मद्रास आणि मुंबई इलाख्यांतील अनेक जुन्या सैनिकी समाजांची भरती घटली किंवा थांबली. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. पलटणी एकेका जातीच्या करण्याच्या धोरणात इतर जातींनी ज्यांच्याबरोबर राहण्यास नकार द्यावा अशा जातींना जागा उरली नाही. १८९५ मध्ये तिन्ही इलाख्यांची सैन्ये एक झाली आणि मुंबई सैन्याची स्वतंत्र परंपराही संपली.

या बंदीने नोकऱ्या तर गेल्याच, पण पलटणीबरोबर शाळाही गेली. एका पिढीला मिळालेले शिक्षण पुढच्या पिढीकडे नेणारा मार्ग तुटला. म्हणून वलंगकरांच्या अनार्य दोष परिहार मंडळीच्या वतीने १८९४ च्या सुमारास तयार झालेल्या विनंतिअर्जात सैन्यभरतीची मागणी केंद्रस्थानी आली. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी हे काम चालवले. १९०३ मध्ये सासवड येथे महारांची सभा भरली. १९०८ मध्ये कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे नियतकालिक सुरू केले. १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. सैन्य व पोलीस यांत प्रवेश मिळावा ही या अर्जाची प्रमुख मागणी होती.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने हे अर्ज स्वतंत्र विचारास पात्र आहेत. त्यांत दोन युक्तिवाद एकत्र येतात आणि ते परस्परांशी पूर्णपणे जुळत नाहीत. पहिला युक्तिवाद पूर्वसेवेचा आहे : आमच्या पूर्वजांनी लढाया जिंकून दिल्या, म्हणून आम्हाला हक्क आहे. दुसरा वंशाचा आहे : आम्ही मूळचे क्षत्रिय आहोत, कालौघात खाली ढकलले गेलो. पहिला युक्तिवाद कृतीवर उभा आहे, दुसरा जन्मावर. सरकारने जन्माची कसोटी लावली होती, म्हणून अर्जदारांना जन्माच्याच भाषेत उत्तर द्यावे लागले. सत्तेने आखून दिलेल्या शब्दांतच सत्तेशी वाद घालण्याची ही अडचण वसाहतकालीन विनंतिअर्जांत इतरत्रही आढळते. महारांच्या अर्जांत ती विशेष तीव्र आहे, कारण ज्या जन्माचा दाखला द्यायचा तोच सामाजिक जीवनात अपमानाचे कारण होता.

४. प्रशिक्षण पलटणींचा जन्म

पहिल्या महायुद्धात माणसांची गरज वाढली तशी बंदी शिथिल झाली. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. या मोडण्याचे महत्त्व लगतच्या पुनर्रचनेशी ताडून पाहिल्यावरच कळते.

प्रत्येक पलटणीने आपापले रंगरूट तयार करावेत ही जुनी पद्धत महायुद्धाच्या ताणाखाली अपुरी ठरली होती. रणांगणावरील हानी भरून काढण्यासाठी प्रशिक्षित माणसांचा सततचा पुरवठा हवा होता, आणि युद्धावर गेलेल्या पलटणीला आपल्या मागे तो उभा करता येत नव्हता. म्हणून १९२१-२२ च्या पुनर्रचनेत अनेक पलटणी एकेका रेजिमेंटमध्ये गुंफल्या गेल्या आणि प्रत्येक रेजिमेंटला केवळ प्रशिक्षणाचे काम करणारी, दहावा क्रमांक असलेली, एक कायमची पलटण मिळाली. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत पूर्वीची ११४ वी मराठा ही दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची, पलटण झाली. बेळगाव हे तिचे ठिकाण ठरले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा पलटणींचे रेजिमेंटल केंद्रांत रूपांतर झाले. बेळगावचे मराठा केंद्र हे त्या क्रमाचे आजही चालू असलेले उदाहरण आहे.

या व्यवस्थेने रेजिमेंट ही एक स्मृतिसंस्था बनली. वेगवेगळ्या पलटणींची युद्धचिन्हे, गीते, आरोळ्या आणि सणवार एका ठिकाणी जमा झाले आणि प्रत्येक नव्या रंगरुटाला ते धड्यासारखे शिकवले जाऊ लागले. पण या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. पूर्वी भरतीचा निर्णय बराचसा पलटणीच्या अधिकाऱ्याच्या हाती असे. आता भरती रेजिमेंटच्या ठरलेल्या जातवारीने होऊ लागली. ज्या समाजाची रेजिमेंट नाही, त्याचे प्रशिक्षण केंद्र नाही. ज्याचे केंद्र नाही, त्याच्या रंगरुटाला जायला जागा नाही. १११ वी महार मोडली जाणे आणि प्रशिक्षण पलटणींची कायम व्यवस्था होणे या घटना पाठोपाठ घडल्या. एके काळी धोरण असलेली वगळणूक आता संस्था झाली.

सैन्याबाहेर याच सुमारास जे घडले त्याकडेही लक्ष द्यावयास हवे. १ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकरांनी कोरेगावच्या स्तंभाला भेट दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. ज्या कोकणात निवृत्त महार सैनिकांच्या वस्त्या होत्या, त्याच कोकणात हा संघर्ष उभा राहिला. समता सैनिक दलाच्या रूपाने चळवळीने गणवेश, रांग आणि कवायत स्वतःकडे घेतली. सरकारी मैदान बंद झाले तेव्हा सैनिकी शिस्त नागरी हक्कांच्या लढ्यात वळली. दलाचे नाव या दृष्टीने बोलके आहे : त्यात ‘सैनिक’ आहे आणि जात नाही.

५. १९४१ : एक विरोधाभास

डिसेंबर १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात आंबेडकरांनी भारतीय सैन्याच्या घटनेची तपशीलवार चिकित्सा केली. लढाऊ व बिगरलढाऊ जमाती हा भेद नैसर्गिक नसून राजकीय आहे. १८५७ मध्ये कोण कोणत्या बाजूने उभे राहिले यावरून तो घडला. पूर्वीचे सैन्य अगदी निराळ्या प्रदेशांतून आले होते, असे त्यांनी दाखवले. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयने युद्धकाळासाठी नेमलेल्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर त्यांची नियुक्ती झाली. त्यांनी महारांच्या स्वतंत्र रेजिमेंटचा आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण कामठी येथे उभारण्यात आली. मराठा रेजिमेंटचे प्रशिक्षण ज्या गावी वीस वर्षे चालू होते त्याच गावच्या छावणीत, पण वेगळ्या नावाने आणि वेगळ्या रांगेत, महार रंगरूट दाखल झाले.

जातवार भरतीचा सिद्धांत खोडून काढणाऱ्या विचारवंताने जातीच्या नावाची रेजिमेंट मागावी, हा विरोधाभास टीकाकारांना खटकू शकतो. तो केवळ डावपेच म्हणून उडवून लावणेही योग्य नाही. व्यवस्थेत प्रवेश जातींच्या यादीतून होत असेल तर यादीत नाव असणे ही प्रवेशाची पहिली अट ठरते. यादी मोडण्याचा अधिकार हाती नसताना यादीत शिरण्याचा हक्क मागणे हा एकच मार्ग उरतो. त्याची किंमत अशी की, मागणी मान्य होताच जातीचे नाव अधिकृत होते. आंबेडकरांनी ही किंमत जाणून दिली, असे त्यांच्या त्या वर्षांतील लेखनावरून म्हणता येते.

हाच प्रश्न त्या काळात इतर समाजांपुढेही होता, आणि त्यांची उत्तरे तुलनेसाठी उपयुक्त आहेत. पंजाबातील मजहबी व रामदासिया शिखांच्या पायोनियर पलटणी १९३० च्या दशकाच्या आरंभी मोडल्या गेल्या होत्या. १९४१ मध्येच त्यांची नवी रेजिमेंट जातिनामासह उभी राहिली. १९४४ मध्ये तिला ‘शीख लाइट इन्फंट्री’ हे नाव मिळाले आणि जातिनाम धर्मनामात विरघळले. १९४३ मध्ये उभारलेली चमार रेजिमेंट युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये मोडण्यात आली. तेथे नाव आणि संस्था दोन्ही गेली. महार रेजिमेंट टिकली आणि जातिनामासह टिकली. नाव बदलून टिकणे, नावासह नाहीसे होणे आणि नाव राखून टिकणे या तीन शक्यता एकाच दशकात, एकाच सैन्यात दिसतात.

६. केंद्र आणि त्यातील शिकवण

ऑक्टोबर १९४६ मध्ये महार रेजिमेंटचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले. या वेळी रेजिमेंटचे केंद्र कामठीला होते. १९४८ मध्ये ते सागरला स्थिर झाले. मध्यम मशीनगन हे केवळ धाडसाचे शस्त्र नव्हे. पल्ल्याचा हिशोब, कोनमापन, नकाशावाचन आणि तुकडीचे काटेकोर सहकार्य त्याला लागते. ज्यांना अर्धे शतक बिगरलढाऊ ठरवले गेले त्यांच्याकडे गणित आणि यंत्रज्ञान मागणारे शस्त्र आले. १९६० च्या दशकात रेजिमेंट पुन्हा सर्वसाधारण पायदळात गेली.

सागर हे गाव मराठी इतिहासाला परके नाही. अठराव्या शतकात गोविंदपंत बुंदेले यांनी ते आपल्या कारभाराचे ठाणे केले होते, आणि पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये, ते इंग्रजांकडे गेले. कोरेगावची लढाई आणि सागरचे हस्तांतर ही एकाच वर्षातली गोष्ट आहे. पेशव्यांच्या सुभेदारांचे गाव पुढे महार रेजिमेंटचे गाव व्हावे, हा क्रम बृहन्महाराष्ट्राचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अद्याप पुरेसा विचारात घेतलेला नाही. त्या इतिहासात सरदार, कारभारी आणि कीर्तनकार येतात. रंगरूट क्वचितच येतो.

पायदळाच्या केंद्रातील प्रशिक्षणाचा साचा सर्वत्र सारखाच असतो. केस कापणे, गणवेश व साहित्य मिळणे, बराकीतील जागा ठरणे, पहाटेचा व्यायाम, कवायत, चांदमारी, मैदानी कामगिरीचे धडे, वर्गातील शिक्षण आणि शेवटी कसम परेड. या साच्यातल्या काही साध्या गोष्टींना येथे वेगळे वजन येते. सर्वांनी एकाच लंगरात जेवणे, एकाच नळाचे पाणी पिणे, एका रांगेत झोपणे ही इतर रंगरुटांसाठी शिस्तीची बाब असते. चवदार तळ्याची आठवण ज्या घरांत जिवंत होती तेथून आलेल्या तरुणासाठी ती त्याहून अधिक काही होती. शिकवणाऱ्याला ‘उस्ताद’ म्हणण्याची सैन्यातील रीतही नोंद घेण्यासारखी आहे. तिच्यात शिकवण्याचा अधिकार जन्माने मिळत नाही, कसबाने मिळतो.

भाषेच्या बाजूने पाहता केंद्राने मराठी रंगरुटाला मराठीबाहेर नेले. दोन महायुद्धांच्या दरम्यान सैन्यातील शिक्षणाचे माध्यम रोमन लिपीत लिहिलेली उर्दू होते. स्वातंत्र्यानंतर टप्प्याटप्प्याने हिंदी आली. सैन्याच्या बोलीतही अनेक भाषांचे थर आहेत : ‘सुभेदार’ आणि ‘हवालदार’ फारसी-अरबीतून आलेले व शिवकालापासून मराठीत रुळलेले, ‘नाईक’ संस्कृतोद्भव, ‘पलटण’ युरोपीय, आणि ‘रंगरूट’ हा इंग्रजी शब्दाला देशी उच्चाराने दिलेला नवा देह. गावकुसाबाहेरच्या बोलीतून आलेल्या तरुणाला ही मिश्र भाषा परकी होती, पण तिच्यात त्याला हिणवणारे संबोधन नव्हते.

७. स्तंभ, बिल्ला आणि नाव

रेजिमेंटच्या आरंभीच्या टोपीबिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभ गेला आणि त्याच्या जागी खंजीर आला. एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या मशीनगन राहिल्या. कंपनीच्या विजयाचे स्मारक स्वतंत्र देशाच्या सैनिकाच्या कपाळावर असणे विसंगत ठरणारच होते. रेजिमेंटचे घोषवाक्य ‘यश सिद्धि’ असे आहे, आणि तिची आरोळी हिंदुस्थानचा जयजयकार करते. मराठा रेजिमेंटची आरोळी मात्र छत्रपती शिवाजी महाराजांचा करते. बहुतेक जुन्या रेजिमेंटांच्या आरोळीत देव, गुरू किंवा वीरपुरुष असतो. महार रेजिमेंटने देशाचे नाव घेतले. तिची भरतीही केवळ महारांपुरती राहिली नाही. निरनिराळ्या प्रांतांतील आणि जातींतील तरुण सागरला येऊ लागले. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे दोन सेनाप्रमुख या रेजिमेंटचे होते. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले आणि परमवीर चक्राने सन्मानित झालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे ८ व्या महार पलटणीचे होते. मराठी नसलेल्या अधिकाऱ्यांच्या आणि जवानांच्या खांद्यावर ‘महार’ ही अक्षरे आली.

सैन्याबाहेर त्याच नावाचा प्रवास उलट दिशेने झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. समाजाच्या मोठ्या भागाने गावकीची कामे आणि त्यांच्याशी चिकटलेले नाव मागे टाकले. बाबूराव बागूल यांच्या १९६३ मधील कथासंग्रहाचे शीर्षक ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. शहरात खोली मिळवण्यासाठी जात लपवावी लागणारा तरुण आणि सागरच्या मैदानावर तेच नाव खांद्यावर मिरवत संचलन करणारा रंगरूट हे समकालीन आहेत. कित्येकदा ते एकाच घरातले असू शकतात. दलित साहित्याच्या अभ्यासात पहिल्या तरुणाचा विचार विपुल झाला आहे. दुसऱ्याला शेजारी उभे केल्याशिवाय त्या शब्दाचा पूर्ण इतिहास हाती येत नाही.

स्तंभ बिल्ल्यावरून गेला, पण स्मृतीतून गेला नाही. दर १ जानेवारीला कोरेगावला जमणारा समुदाय त्याची साक्ष आहे. केंद्राने जी खूण सोडली ती समाजाने उचलली, आणि समाजाने जे नाव सोडले ते केंद्राने राखले. हा एक प्रकारचा अदलाबदलीचा व्यवहार आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंना काही मिळाले व काही गमवावे लागले.

८. समारोप

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत भरतीचा पाया अखिल भारतीय व सर्ववर्गीय ठेवण्याचे धोरण मांडले गेले. जातवार रेजिमेंटांच्या भवितव्याविषयीची चर्चा त्यामुळे पुन्हा सुरू झाली. या चर्चेत महार रेजिमेंटला इतर जातिनामधारी रेजिमेंटांच्या रांगेत सरसकट बसवणे इतिहासाला धरून होणार नाही. काही समाजांना नाव सत्तेने बहाल केले. येथे ते अर्जांनी, सभांनी आणि अर्ध्या शतकाच्या चिकाटीने परत मिळवले गेले. बहुवर्गीय रचना जी आज सुधारणा म्हणून पुढे येते, ती या रेजिमेंटने पूर्वीच स्वीकारली आहे.

प्रशिक्षण केंद्र माणसाला बदलते, असे सैन्यात मानले जाते. सागरच्या केंद्राने माणसांबरोबर एक शब्दही बदलला. गावात ज्या शब्दाने हाक मारून काम सांगितले जाई, त्याच शब्दाने मैदानावर पलटणीला सावधान केले जाऊ लागले. तरी या बदलाची सीमाही ध्यानात ठेवली पाहिजे. बराकीतील समता सुटीवर घरी जाणाऱ्या जवानाबरोबर गावापर्यंत पोहोचलीच असे नाही. कित्येक दलित आत्मकथनांचे विषय नेमके तेथून सुरू होतात. १८९४ च्या अर्जापासून सागरच्या मैदानापर्यंतचा प्रवास पूर्ण झाला. मैदानापासून गावापर्यंतचा प्रवास हा या इतिहासाचा न संपलेला भाग आहे.